पोळ्याच्या दुपारी भुताचा सिनेमा

मेघाचा फोन आला तेव्हा मी दुकानात बसून मोबाइलच्या काचा पुसत होतो. मेघा माझी मुलगी, पुण्यात असते. तिच्या सोसायटीत लहान मुलांची हॅलोविन पार्टी होती आणि त्यांना दाखवायला भीतीचे सिनेमे निवडण्याचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. "बाबा, तुम्ही इतकी वर्षं सीडीचं दुकान चालवलं. दोन-तीन चांगले भुताचे सिनेमे सांगा ना. फार भयंकर नको, पण मुलं ओरडली पाहिजेत," ती म्हणाली. असल्या बाबतीत मला कोणी सल्ला विचारला की मी लगेच फुगतो. मोठ्या हौसेनं पहिलं नाव सांगायला गेलो आणि थांबलो, कारण डोक्यात आपोआप ते जुने प्रश्न आले... त्यात दोर आहे का? विहीर आहे का? "थांब, एका बाईंना विचारून सांगतो," असं म्हणून मी फोन ठेवला. भुताच्या सिनेमाची गोष्ट निघाली की वानखडेबाईंना विचारायचं, ही सवय दुकानातल्या सगळ्या सीड्या भंगारात गेल्या तरी सुटली नव्हती. मी त्यांचा नंबर लावला. फोन त्यांच्या सुनेनं उचलला. तिनं आधी माझं नाव विचारून घेतलं. मग म्हणाली, "काका, तुम्हाले कोणी सांगतलं नाही काय? आई आज पहाटेच गेल्या."

या गोष्टीला आता महिना झाला. माझा तसल्या योगायोगांवर विश्वास नाही, आणि बाईंचा तर मुळीच नव्हता. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव एका पोत्यात घालून नदीत सोडले होते. बाई हे सांगताना म्हणायच्या, "देव गेले त्याच पोत्यात आमच्या घरची भुतंबी गेली." अशी बाई भुताच्या सिनेमांची एवढी जाणकार कशी झाली, हे सांगायला मी बसलो आहे. दिग्रसमध्ये निर्मला वानखडे हे नाव घेतलं तर लोकांना मुलींच्या वसतिगृहाच्या कडक अधीक्षिका आठवतात. मला मात्र त्या दुकानातल्या लोखंडी स्टुलावर, मांडीवर तुरीच्या डाळीचं ताट घेऊन, समोरच्या टीव्हीवरच्या चेटकिणीकडे चष्म्याच्या वरून बघताना आठवतात.

कापसाची ती वाईट वर्षं होती. गावोगाव कर्जापायी माणसं जात होती. पेपर उघडला की रोज कुठल्या तरी गावाचं नाव, आणि आपण तिथं कधी गेलो होतो का हे आठवत चहा गार व्हायचा. बसस्टँडसमोरचं माझं सीडीचं दुकान मात्र बरं चालत होतं, लोकांना बहुधा दुसरीकडे बघायला काहीतरी हवं होतं. पोळ्याला आठ-दहा दिवस असताना एका दुपारी बाई दुकानात आल्या. निळ्या काठाची पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं, भक्तीचं काहीतरी मागतील. त्या म्हणाल्या, "भुताचे सिनेमे हायेत काय? सगळ्यात भेव वाटणारे दाखवा."

मी गमतीनं विचारलं, "कोणाले भेववाचं हाय बाई?"

"माह्या पोरींले," त्या म्हणाल्या, आणि त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. पोळ्याला वसतिगृह रिकामं होतं. मुली घरी जातात, बैल रंगवतात, पुरणपोळी खातात. पण पंधरा-वीस जणी मागे राहतात. त्यांच्या घरी आता बैल नाही, आणि बैलाची वेसण धरून तोरणाखाली उभा राहणारा बापही नाही. आई निरोप पाठवते, सणाला नको येऊ, दिवाळीत ये. "वर्षभर ह्या पोरी गप राह्यतात," बाई म्हणाल्या. "शाळेत गप, जेवताना गप. झोपेतबी आवाज नाही करत. पोळ्याच्या दिवशी बाहेर एवढा डफडा वाजते, एवढा गलका राह्यते, तवा ह्या पोरींलेबी मोठ्यानं ओरडाले भेटलं पाह्यजे. पण कोणाच्या नावानं ओरडतील? भुताच्या नावानं ओरडू द्या."

मला ती कल्पना फार आवडली. मी खालच्या कप्प्यातून माझा सगळा खजिना काढून काउंटरवर मांडला. बाईंनी एकेक कव्हर उचललं आणि नियम सांगितले. चेटकीण चालेल. कवटी, हाडं, स्मशान, वटवाघूळ, उलट्या पायांची बाई, सगळं चालेल. दोर चालणार नाही. विहीर चालणार नाही. बाटलीतून कोणी काही पिताना दिसलं तर ते चालणार नाही. आमच्याकडे औषध म्हटलं की आधी कपाशीवर फवारायचं औषधच डोळ्यांसमोर येतं, त्यामुळे हा नियम मला समजावून सांगावा लागला नाही. तरी मी थट्टेवर गेलोच. "बाई, दोर नाही, विहीर नाही, मंग भुतानं राहावं कुठी?" त्या म्हणाल्या, "थे शोधणं तुमचं काम हाय. दुकान तुमचं हाय ना?"

तेव्हापासून दरवर्षी पोळ्याच्या आधीचे आठ दिवस आमची निवड चालायची. विजेची लाईन दिवसातून थोडेच तास असायची, आणि ती दुपारी असली की मी शटर अर्धं ओढायचो, बाई तूर निवडायला घ्यायच्या आणि आम्ही सिनेमा लावायचो. बायको डबा घेऊन आली की आम्हा दोघांकडे बघून कपाळाला हात लावायची. बाई कधीच दचकल्या नाहीत. पडद्यावर दार करकरत उघडायचं, आतून हात यायचा, आणि बाई डाळीतला खडा वेचून बाजूला ठेवायच्या. मध्येच म्हणायच्या, "थांबवा. मागं घ्या." मग चष्मा पुसून तोच तुकडा पुन्हा बघायच्या. त्यांच्याकडे एक शंभर पानी वही होती. ती नंतर माझ्याकडे आली, आत्ताही समोर आहे. त्यात शाळेच्या अक्षरात लिहिलेलं आहे... "हवेलीवाला. भूत बरं आहे, पण गाणे फार. घ्यावा." "डबिंगवाला. मागच्या अंगणात विहीर दिसते, कोणी उडी घेत नाही, तरी नको." "बाहुलीवाला. इथे मुली किंचाळतील. चांगला." "म्हातारीवाला. बाटली. नाही." "जंगलवाला. झाडाला दोर आहे पण झोक्याचा. तरी नाही." असे किती तरी. एका माणसानं इतक्या बारकाईनं भीती पाखडून घेतलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

सिनेमा दाखवायची जागा म्हणजे वसतिगृहामागच्या कापसाच्या बंद जिनिंग कारखान्याचं गोदाम. त्या वर्षांत बरीच जिनिंगं बंदच असायची, मालकानं बाईंना किल्ली देऊन ठेवली होती. पोळ्याच्या सकाळी मी टीव्ही आणि प्लेअर घेऊन तिथं जायचो. खिडक्यांवर गोणपाटाचे बोरे ठोकले की भर दुपारी आत काळोख व्हायचा, आणि पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे मुलींच्या डोक्यांवर पडायचे. आढ्याला जुन्या कापसाचे तंतू लोंबत होते, हातभर लांब, पांढरे. वारा नसला तरी ते हलायचे. पत्रा तापला की खालची हवा वर जाते म्हणून ते हलतात, असं मी स्वतःला दरवर्षी समजावत असे. त्या दिवशी गावात प्रत्येक दाराशी पळसाच्या फांद्यांचे मेढे लावलेले असतात, घरात काही वाईट शिरू नये म्हणून. बाईंचा त्यावर विश्वास नव्हता, त्यामुळे वसतिगृहाच्या दाराला मेढा नसायचा. पण मुली एक लहानशी डहाळी आणून टीव्हीखाली सरकवून ठेवायच्या. बाईंना ती दिसायची. त्यांनी ती कधी काढली नाही.

आणि त्यांची बसायची जागा. त्या पडद्याकडे तोंड करून बसत नसत. टीव्हीच्या शेजारी खुर्ची ठेवून, मुलींकडे तोंड करून बसायच्या. सिनेमा त्यांनी आधी पाहिलेला असायचा, त्यांना मुलींचे चेहरे पाहायचे असत. पडद्याचा निळा-हिरवा उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडायचा आणि अर्धा चेहरा काळोखात. मुली नंतर सांगायच्या की भुतापेक्षा बाईच जास्त भेव दाखवतात. पहिल्या वर्षी मुली आधी बिचकत ओरडल्या, मग एकमेकींना धरून ओरडल्या, शेवटी तर भूत नसतानाही ओरडत होत्या. बाहेर डफडी, पोळ्याच्या झडत्यांची गाणी, बैलांच्या घुंगरांचा आवाज. आतलं बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही. बाई खुर्चीत बसून बोटांवर काहीतरी मोजत होत्या. कोण ओरडलं आणि कोण नाही.

एकच मुलगी ओरडली नाही. तिला मी लता म्हणतो, तिचं खरं नाव इथं नको. बारा वर्षांची, पहिल्या ओळीत, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेली. पडद्यावर काहीही आलं तरी तिच्या पापणीला हालचाल नसायची. दुसऱ्या वर्षीही तेच. गोदामात सगळ्या मुली किंचाळत असताना मध्ये एक शांत चेहरा बघणं... मी धंद्यानं भुतं दाखवणारा माणूस, पण त्या चेहऱ्याकडे बघून माझ्या अंगावर काटा आला होता. बाप गेला तेव्हा घरी आधी तीच पोहोचली होती, एवढंच बाईंना माहीत होतं. त्यावर लता कोणाशी एक शब्द बोलली नव्हती.

त्यानंतर आमच्या निवडीचा रोख बदलला. बाकीच्या मुलींसाठी कुठलाही सिनेमा चालला असता. आता आम्ही लतासाठी शोधत होतो. बाई म्हणाल्या, "ज्या पोरीले भेव वाटते तिची मले काळजी नाही, मनोहरभाऊ. थे पोरगी जीव धरून राह्यते. जिले कायचंच भेव नाही वाटत तिचं मी काय करू? परवा दुपारी थे गोदामात एकटी उभी होती. वर आढ्याकडं पाहून राह्यली होती. म्या इचारलं, काय पाहून राह्यली? म्हणे, काही नाही बाई, कापूस." एवढं सांगून बाई ताटातल्या डाळीवरून हात फिरवत राहिल्या. त्या दिवसापासून गोदामाची किल्ली त्यांनी साडीच्या पदराला बांधून ठेवली, आणि लताची खाट आपल्या खोलीच्या दाराशी आणली. त्या मुलीला वाचवायचं होतं, आणि कशापासून हे आम्ही दोघंही तोंडानं बोलत नव्हतो.

तिसऱ्या वर्षी मी जे केलं ते मला इथं लिहायचं आहे, कारण बाईंनी ते कोणाला सांगितलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी यवतमाळच्या एका ओळखीच्या दुकानदारानं मला एक नवी सीडी बसनं पाठवली. परदेशातला सिनेमा, हिंदीत केलेला. मी दुकानात बसून एकटाच बघितला आणि पहिल्या तासातच माझी पाचावर धारण बसली. एक रिकामं घर, त्यात चालणारं कोणीतरी, पण दिसत काही नाही. फक्त आवाज. मला वाटलं, हाच! याला लता ओरडणार! आणि तेवढ्यात लाईन गेली. शेवटची वीसेक मिनिटं राहिली. बाईंचा पक्का नियम होता की शेवटपर्यंत न पाहिलेला सिनेमा दाखवायचा नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला. लाईन अजून आलेली नव्हती आणि मला बैलांचे साज, पूजेचं सामान आणायला बाजारात जायचं होतं. "शेवट पाह्यला काय?" त्यांनी विचारलं. "पाह्यला बाई. काही नाही त्याच्यात," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की मलाही ते खरं वाटलं. त्यात घाई होती, पण खरं सांगायचं तर फुशारकी जास्त होती. त्या मुलीला ओरडवणारा सिनेमा आपणच शोधला हे मला सिद्ध करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी लाईन बारा ते तीन होती. मुली आल्या, गोदामाच्या दाराबाहेर चपला काढून आत गेल्या. चपलांचं सांगायला हवं. बाईंची शिस्त अशी की वसतिगृहाच्या आणि गोदामाच्या दाराशी चुन्याची पांढरी रेघ आखलेली असे, आणि सगळ्या चपला त्या रेघेवर जोडीनं, टाचा भिंतीकडे करून. एखादी वाकडी दिसली तर बाई त्या मुलीला परत बोलवत. मी सवयीप्रमाणे माझ्या पायातल्या कशाही भिरकावल्या की त्या मलाही बोलायच्या. त्या दुपारी वीस जोड रेघेवर उभे होते.

सिनेमा सुरू झाला. पहिल्या तासात मुली ओरडल्या, नेहमीपेक्षा जास्त. लता नाही. मी पाठीमागे उभा राहून तिच्या मानेकडे बघत होतो. मग मी न पाहिलेला भाग आला. पडद्यावर एक खोली, खोलीत कोणी नाही, भिंतीवर एक लांब सावली हळूहळू हेलकावे घेते आहे, आणि खाली जमिनीवर उलटेपालटे पडलेले बूट. एवढंच. दोर कुठं दिसला नाही, पण तो दिसायची गरजच नव्हती. गोदामात एकदम आवाज बंद झाला. एकही मुलगी ओरडली नाही. बाईंची पाठ पडद्याकडे, त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांनी ते मुलींच्या चेहऱ्यांवर वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या अजून डोळ्यांपुढून जात नाही. मी प्लेअरकडे धावलो, पण बटण दाबायच्या आधीच लता उठून उभी राहिली होती. टीव्हीपासून हातभर अंतरावर, त्या सावलीकडे बघत.

"असं नसते," ती म्हणाली. शाळेत चूक दाखवावी तशा आवाजात. "चपला अशा नसते राहत. बाबाच्या चपला सरळ होत्या."

कोणी हललं नाही. आढ्याचे तंतू हलत होते.

"बाबा रोज चपला फेकून द्याचा. एक इकडं, एक तिकडं. आई रोज चिल्लावाची. त्या दिवशी मी शाळेतून आली तं दाराशी चपला सरळ होत्या. जोडीनं. भिंतीले लावून." ती बाईंकडे वळली. "मले वाटलं, आज आई खूश होईल."

आणि मग ती ओरडली. मी आयुष्यात अनेक किंकाळ्या ऐकल्या आहेत, पैसे घेऊन काढलेल्या, डबिंग केलेल्या, खोट्या. तो आवाज तसला नव्हता. दोन वर्षं आत कोंडलेला तो आवाज निघाला आणि निघतच राहिला. बाई खुर्चीतून उठून तिच्यापर्यंत कशा पोहोचल्या मला कळलं नाही, पण त्यांनी तिला पोटाशी धरलं तेव्हाही ती ओरडत होती. मग दुसरी एक जण रडत काहीतरी सांगायला लागली, मग तिसरी. कोणाचा बाप विहिरीकडे जाताना कंदील घेऊन गेला होता, भर दुपारी. कोणाच्या बापानं जाण्याआधी तिच्या वहीला कव्हर घालून दिलं होतं. बाहेर डफडी वाजत होती, बैल तोरणाकडे निघाले होते. मी सिनेमा बंद केला होता, पण टीव्हीचा निळा पडदा तसाच चालू होता, आणि त्या उजेडात त्या मुली जे बोलत होत्या ते मी ऐकायला नको होतं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. तीनला लाईन गेली. काळोखात फक्त लताचा आवाज आला, "बाई, मले भेव वाटते. बाहेर चला." बाई म्हणाल्या, "चाल माय. चाल."

दार उघडलं तेव्हा ऊन डोळ्यांत गेलं. लता पहिली बाहेर पडणार तोच थबकली. उंबऱ्याच्या पलीकडे चुन्याच्या रेघेवर वीस जोड उभे होते. सरळ, जोडीनं, टाचा भिंतीला. तिचा पाय पुढे पडेना. बाईंनी खाली पाहिलं. ती रेघ त्यांनीच आखली होती, दोन वर्षं रोज त्याच तिच्याकडून त्या चपला सरळ करून घेत होत्या. हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि ते कळताना मी त्यांचा चेहरा पाहिला. मग बाईंनी साडी वर धरली आणि पायानं ती सगळी ओळ उधळून लावली. एक चप्पल इकडे, एक तिकडे, एक थेट गटारात. पुन्हा पुन्हा, रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुली आधी घाबरून बघत राहिल्या. नंतर एक हसली.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. सकाळी गल्लीतून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक चालली होती, लोक दाराचे मेढे उपटून गावाबाहेर नेत होते आणि रोगराई, ईडापीडा घेऊन जाण्याचा पुकारा करत होते. त्या गर्दीतून वाट काढत बाई दुकानात आल्या. सीडी काउंटरवर ठेवली. "शेवट पाह्यला म्हणाले होते तुम्ही," त्या म्हणाल्या. मी मान खाली घालून पुटपुटलो की लाईन गेली होती, आणि शेवटी पोरगी ओरडली ना बाई, चांगलंच झालं ना. त्यावर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "झालं चांगलं. पण थे तुमच्या हातून नाही झालं. थे पोरगी उठून गोदामाच्या मागच्या दारानं गेली असती तं? तुम्ही काय सांगतलं असतं मले? पाह्यला होता शेवट?" मी सीडी उचलून खालच्या कप्प्यात टाकली. त्या निघून गेल्या आणि वर्षभर दुकानाची पायरी चढल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर मी दुसऱ्या बाजूला जायचो.

पुढच्या पोळ्याच्या आधी एका दुपारी तुरीचं ताट घेऊन त्या पुन्हा आल्या. स्टुलावर बसल्या, जणू कालच उठून गेल्या होत्या. "लावा," त्या म्हणाल्या. "पण शेवटापासून लावा." त्यानंतर आम्ही प्रत्येक सिनेमाची शेवटची वीस मिनिटं आधी बघायचो आणि मग सुरुवातीकडे यायचो. असे सिनेमे बघून भुताचं रहस्य काही उरत नसे, पण आम्हाला ते नकोच होतं. लता त्या वर्षी चौथ्या ओळीत बसली, मैत्रिणीचा हात धरून, आणि बाहुली दिसल्याबरोबर सगळ्यांत आधी किंचाळली. खुर्चीतून बाईंनी माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. माफी म्हणायची तर तेवढीच. मी ती अजून जपून ठेवली आहे.

वसतिगृहाच्या दाराशी पुन्हा कधी चुन्याची रेघ दिसली नाही. चपला कशाही पडलेल्या असत, ढिगानं. एकदा तपासणीला साहेब आले आणि त्यांनी रजिस्टरमध्ये शेरा मारला की पादत्राणे अस्ताव्यस्त. बाईंनी त्याखाली "वाचले" असं लिहून सही केली आणि काही बदललं नाही.

निवृत्त झाल्यावर बाई मुलाकडे यवतमाळला, लोहाऱ्याच्या बाजूला राहायला गेल्या. जाताना ती वही माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "तुमच्याकडंच राहू द्या. मले आता भुतं काय कामाची?" मेघाला मी अखेर त्याच वहीतून दोन नावं सांगितली, आणि सांगितलं की आधी शेवट बघ, आणि दाखवताना पडद्याकडे पाठ करून मुलांकडे तोंड करून बस. ती म्हणाली, बाबा, पार्टी आहे, परीक्षा नाही. पण बसली. रात्री फोन करून म्हणाली की एक छोटी मुलगी ओरडलीच नाही, आणि मेघा आता त्या मुलीच्या आईला भेटायला चालली आहे.

बाईंच्या जलदानविधीच्या दिवशी मी यवतमाळला गेलो. घर लहान, माणसं पुष्कळ. ओसरीवर बाईंचा फोटो, पुढे मेणबत्त्या. त्यांच्या खोलीच्या दाराशी, भिंतीला लागून त्यांच्या काळ्या चपला होत्या, एकीचा अंगठा पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला. त्या अजून तिथून कोणी हलवल्या नव्हत्या. त्यांतली एक आडवी पडली होती. मी तिथं उभा असताना सून पाण्याचा तांब्या घेऊन आली, वाकली आणि ती चप्पल नीट करून जोडीला लावली. जराशी चिडून, जराशी घाबरून मला म्हणाली, "काका, सकाळपासून पाचव्यांदा सरळ केली मी हे. कोणीच दिसत नाही अन् फिरून पाह्यलं तं वाकडी. मले तं आता हात लावाचं भेव वाटून राह्यलं."

ती आत गेली. मी बाकावर बसलो. फाटकातून एक बाई आली, तिशीची, कडेवर मूल. फोटोपुढे मेणबत्ती लावली, वाकून नमस्कार केला, खोलीच्या दाराशी आली. इकडेतिकडे पाहिलं. मग पायाच्या अंगठ्यानं त्यांतली एक चप्पल हलकेच ढकलून आडवी केली आणि आत जाऊन बसली. आत बघितलं तर सतरंजीवर तशाच आठ-दहा जणी बसल्या होत्या, कोणी नर्स, कोणी शिक्षिका, कोणी शेतातून थेट आलेली. त्यांच्यात भिंतीला टेकून लता होती. तिनं मला ओळखलं, पण उठली नाही, फक्त मान हलवली. थोड्या वेळानं सून पुन्हा आली. चप्पल सरळ केली आणि निघून गेली.

निघायची वेळ झाली. मी दाराशी गेलो. लता आतून माझ्याकडे बघत होती. मी बाईंच्या चपलेला पाय लावायच्या आधी त्यांची मनात माफी मागितली, आणि ती वाकडी केली.